पाठमोऱ्या माणसाचा वाटा

याकोबराव, तुम्ही मला फसवलंत, आणि हे लिहायला बसलोय ते त्याच रागात. तुम्हाला जाऊन अजून पुरता पंधरवडाही झाला नाही. तुमच्या दारातल्या चपलासुद्धा कुणी हलवलेल्या नाहीत. अशा वेळी गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द बोलायची रीत आहे, ती मला ठाऊक आहे. तुमच्या मातीच्या वेळी पाळकसाहेब बोलले, श्रीगोंद्याहून आलेला तुमचा पुतण्या बोलला, आणि शेजारच्या सगुणाबाई बोलायला म्हणून उभ्या राहिल्या त्या रडूनच खाली बसल्या. मी बोललो नाही. मला आधी एका गोष्टीचा उलगडा हवा होता, आणि तो ज्यानं करायचा तो माणूस पेटीत डोळे मिटून पडला होता.

आज सकाळी तो उलगडा झाला. तुमच्या तोंडून व्हायला हवा होता, तो सगुणाबाईंच्या तोंडून झाला, याचा राग वेगळा.

लोक मला संशयी म्हणतात. आहेच मी. सगळी नोकरी नगरच्या कोर्टात शिपाई म्हणून गेली. दाराबाहेर उभं राहून नावांचा पुकारा करायचा आणि मग आत दाराशी उभं राहून साक्षी ऐकायच्या. शपथ घेतल्यावर माणूस किती सफाईनं खोटं बोलतो ते मी रोज ऐकलं. सख्खा भाऊ भावाला ओळखत नाही म्हणाला, तेही ऐकलं. त्या व्हरांड्यात मला चहा पाजायला आलेला प्रत्येक जण काही ना काही मागायला आलेला असे. कुणाला लांबची तारीख हवी, कुणाला साहेबांचा आजचा नूर कसा आहे ते हवं. म्हणून मी कुणाचा चहा घेतला नाही. नोकरी संपली, पण सवय सुटली नाही. कुणी काही पुढं केलं की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो, "का?" आमची शांता म्हणायची, देवानं प्रसाद हातावर ठेवला तरी तुम्ही आधी कारण विचाराल.

तुम्ही या घरकुलात राहायला आलात तेव्हा मी तुमच्याकडं त्याच नजरेनं बघितलं. तळमजल्यावरच्या खोल्या म्हाताऱ्यांना मिळाल्या होत्या, त्यातली माझ्या समोरची तुमची. इमारतीच्या मागं मोकळी जागा होती. मोकळी म्हणजे कसली, ठेकेदारानं जाताना टाकलेला राडारोडा, फुटक्या फरशा आणि पावसानं दगड झालेली सिमेंटची पोती. तुम्ही सामान लावायच्या आधी घमेलं घेऊन तिकडं गेलात. मी खिडकीतून बघत होतो. माझ्या मनात पहिला विचार आला, हा बाबा जागा धरतोय. आज राडारोडा उचलेल, उद्या पत्रे ठोकेल, परवा म्हणेल ही माझी वहिवाट. अशा वहिवाटीचे दावे मी आयुष्यभर ऐकले होते.

राडारोडा उचलून झाला तसं तुम्ही एमआयडीसीतून भंगारात निघालेली लोखंडी पिंपं आणलीत, उभी चिरलीत आणि विटांच्या खांबांवर आडवी मांडलीत. आत पोयट्याची माती, लेंडीखत. कमरेएवढ्या उंचीवर वाफे. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, उभ्या उभ्या शेती. सगुणाबाई पाथर्डीकडच्या. ऊसतोडीला जाऊन जाऊन कंबर कायमची गेलेली. त्या पिंपाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जलमभर रानापुढं वाकले. आता रान माझ्यापाशी उठून आलं." मग एकेक जण येऊ लागला. दुसऱ्या इमारतीतले चाचा आले, पूर्वीचे टांगेवाले. ज्याचे गुडघे गेलेत त्यानं बी टोकायचं, ज्याला दिसत नाही त्यानं पाणी घालायचं, असं तुम्ही वाटून दिलंत. कुणाचा वाफा कुणाच्या नावावर नव्हता.

मी लांब हात मागं बांधून उभा. तुम्ही हाक मारलीत.

"काय बघताय, कोर्ट?"

"जागा कुणाच्या नावावर आहे?"

"मेथीच्या," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा मातीत हात घातलात.

मला ते उत्तर आवडलं नाही. सरळ प्रश्नाला जो गमतीनं उत्तर देतो त्याच्याकडं दोनदा बघावं, हे मी साहेबांकडून शिकलो होतो.

त्यात तुम्ही काटेवाले. शुगर फॅक्टरीच्या वजनकाट्यावर तुमची नोकरी झालेली. आपल्या जिल्ह्यात पोलिसावर विश्वास ठेवणारा माणूस सापडेल, काट्यावरच्या माणसावर विश्वास ठेवणारा सापडायचा नाही. उसाची गाडी काट्यावर चढली की शेतकरी मनात म्हणतो, किती मारतोय कुणास ठाऊक. मी तुम्हाला ओळख झाल्या झाल्या विचारलं होतं, "याकोबराव, खरं सांगा, काटा मारला की नाही?" तुम्ही हसलात. "त्ये शेतकऱ्याला इचारा." मी म्हणालो, "शेतकरी हो म्हणतो." तर म्हणालात, "मग त्याला इचारू नका." हा वाद आपण किती वेळा घातला असेल. दर वेळी तुम्ही एक नवं उत्तर काढायचात, आणि एकदाही नाही म्हणाला नाहीत. मी ते लक्षात ठेवलं होतं.

मग शांता गेली. तेव्हाचे दिवस मला नीट आठवत नाहीत, पण दारावरची टकटक आठवते. डबे यायचे. सगुणाबाईंची भाकरी, चाचांकडची खिचडी, तुमची मेथीची जुडी. मी सगळं परत पाठवलं. त्यांना काय हवंय ते मला कळत नव्हतं, आणि कळत नाही तोवर घ्यायचं नाही, हा माझा नियम. तुम्ही मेथी घेऊन दारात उभे होतात.

"का?" मी विचारलं.

"जादा झाली."

"मग विका."

तुम्ही जुडी चौकटीवर ठेवून गेलात. मी ती उचलून तुमच्या चौकटीवर ठेवून आलो. नाताळात तुम्ही करंज्या आणल्यात, त्याही तशाच परत गेल्या. मी पिठलं करायचो. भाकरी थापता येत नव्हती म्हणून पाव आणायचो. सकाळी पिठलं, संध्याकाळी तेच पिठलं. विजार कमरेवर थांबेना, तिला सुतळी बांधून फिरायचो. आरशात बघायचो नाही, म्हणजे किती वाळलोय ते कळायचा प्रश्न नव्हता.

आणि मग एक दिवस तुम्ही पुन्हा आलात. या वेळी हात मोकळे होते.

"कोर्ट, एक काम हाय. तुमच्याशिवाय कुनाला जमायचं न्हाई."

भाजीवरून भांडणं होतात म्हणालात. कुणाला जास्त जातं, कुणाला कमी. तुमच्या गावाकडं बकरं कापलं की वाटे घालतात तसं करायचं. भाजीचे सारखे ढीग मांडायचे. एकानं ढिगाकडं पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एकेका ढिगावर हात ठेवून विचारायचं, हा कुणाचा? पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. बघणाऱ्याला बोलता येत नाही आणि बोलणाऱ्याला बघता येत नाही, मग फसवणूक व्हायची कुठून?

"आमच्या शास्त्रात बी चिठ्ठ्या टाकूनच वाटनी करत्यात," तुम्ही म्हणालात. "देवाचं काम. मानसाचा हात न्हाई त्यात. पन नाव घेनारा मानूस असा पायजे का त्याच्यावर कुनी बोट ठेवनार न्हाई."

मला पटलं. खरं सांगतो, सुखावलोही. पुकारा करायला पुन्हा कुणीतरी बोलावलं होतं. आणि नाव घेणाऱ्यालाही एक वाटा होता. तो कुणी दिलेला नव्हता, नशिबानं आलेला होता, त्यामुळं घ्यायला काही हरकत नव्हती. असा मी तुमच्या शेतात आलो.

दर रविवारी तुम्ही चर्चमधून, तुमच्या भाषेत देवळातून, परत आलात की आपले वाटे व्हायचे. तुमच्या अंगात अजून उपासनेचा पांढरा सदरा असायचा, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. ताडपत्रीवर ढीग मांडून झाले की तुम्ही "हां, कोर्ट" म्हणायचात. मी टाकीच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहायचो आणि खणखणीत आवाजात नावं घ्यायचो. सगळ्यात शेवटी माझं नाव. म्हणजे माझ्या वाट्याला उरलेला ढीग. नाव घेणाऱ्यानं शेवटचं घ्यावं, म्हणजे कुणाला शंका यायला नको, हा माझा विचार.

शंका मलाच आली. पहिल्या थंडीतच आली. माझ्या वाट्यात कधी वांगं निघत नव्हतं. वांगं खाल्लं की माझ्या अंगाला खाज सुटते, हे शांताला ठाऊक होतं, आणखी कुणाला असायचं कारण नव्हतं. दोडका निघाला तर कोवळा, गवार निघाली तर शिरा काढलेली. शिरा काढलेली गवार, याकोबराव! मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, सगुणाबाईंना बसल्या बसल्या चाळा लागतो, त्या सगळ्यांचीच सोलतात. मी चाचांच्या पिशवीत डोकावलो. त्यांची गवार अख्खी होती.

म्हणजे इथं काहीतरी शिजत होतं. काटेवाल्याच्या हाताखाली वजन सरळ पडत नाही, एवढं मला दिसत होतं. पण मारतोय तो माझ्या बाजूनं का मारतोय, हे कळेना. ज्याला लुबाडलं जातं तो ओरडतो. ज्याच्या पिशवीत जास्त पडतंय त्यानं कुठं तक्रार करायची? आणि आज पिशवीत पडतंय त्याबद्दल उद्या काय मागतील? तुमच्या पुतण्याची शेतीची केस नगरच्या कोर्टात चालू होती. मला वाटलं, सापडलं. आता येईल, म्हणेल कोर्ट, तेवढं जरा तुमच्या ओळखीनं. मी वाट बघत राहिलो. ती केस निकाली निघाली तरी तुम्ही एक शब्द काढला नाहीत.

मग मी आरसा लावला. तुम्हाला आठवत असेल. टाकीच्या भिंतीला खिळा ठोकून माझा दाढीचा आरसा टांगला, आणि म्हणालो, इथं उजेड चांगला आहे, इथंच दाढी करणार. तुम्ही म्हणालात, करा की. त्या रविवारी मी नावं घेता घेता आरशातून तुमच्या हाताकडं बघत होतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात सरळ चालला होता. ना थांबला, ना मागं गेला, ना एखादा ढीग गाळला. हातात काही नव्हतं. मी हरलो. आरसा काढला. तुम्ही विचारलंत, "का वो, दाढी झाली?" आणि सगळे हसले. मला वाटलं ते दाढीला हसले.

पण हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर साक्ष अर्धी राहील. त्या पिंपांपाशी मी जगलो. सकाळी आपण कट्ट्यावर बसायचो, तुम्ही तुमचा चहा घेऊन, मी माझा घेऊन. मी तुमचा कधी घेतला नाही, तुम्ही कधी आग्रह केला नाही. दुसरा कुणी शहाणपणा करून, घ्या हो, घोटभर चहाच तर आहे, म्हणाला असता. तुम्ही माझ्या कपाकडं बघायचात, साखर कमी करा म्हणायचात, एवढंच. तुम्ही मला भाकरी थापायला शिकवलीत. ती शिकवण मी घेतली, कारण तुम्ही ती माझी चेष्टा करत करत दिलीत. "कोर्ट, ही भाकरी हाय का आरोपी? एवढी कशाला बडवताय?" शांतेबद्दल मी दुसऱ्या कुणाशी बोललो नाही, तुमच्याशी बोललो. तुमच्या एलिझाबेथबाईंबद्दल तुम्ही माझ्याशी बोललात. मेथी खुडता खुडता माणूस बोलतो, कारण डोळे खाली असतात. तेव्हा मी तुमच्यावर संशय घेत होतो का? घेत होतो. दोन्ही चालू होतं.

दवाखान्यात तुम्हाला भेटायला आलो ते शेवटचं. नाकात नळी, आवाज गेलेला. मी म्हणालो, लवकर या, पालक उतू चाललाय. तुम्ही माझं मनगट धरलंत. इतकी वर्षं शेजारी बसलो, पण तुम्ही असं कधी धरलं नव्हतं.

"कोर्ट, माझ्या माघारी नावं तशीच घ्या."

"तशीच म्हणजे?"

"जशी घेता तशीच. बदलू नका."

मी हो म्हणालो, नर्सनं मला बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता तुम्हीच सांगा. मरणाच्या दारातला माणूस बायकोची आठवण काढतो, देवाचं नाव घेतो. तुम्ही मेथीच्या वाट्याबद्दल बोललात. चिठ्ठीत कसली आलीय तशीच? नावं मनाला येतील तशी घ्यायची, हाच तर त्यातला न्याय होता. तुमच्यावर मूठभर माती टाकताना माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. बाकीचे रडत होते आणि मी हिशेब लावत होतो. तुम्हाला हे ऐकून वाईट वाटायचं नाही, तुम्ही मला ओळखत होतात.

पहिल्या रविवारी वाटे झाले नाहीत. आज झाले. ढीग सगुणाबाईंनी सांगून मांडून घेतले, भिंतीकडं तोंड करून मी उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "ह्यो कुनाचा?" आणि मी जाणूनबुजून, परीक्षा बघायची म्हणून, सगळ्यात आधी माझं नाव घेतलं.

मग सगुणाबाई अडखळत म्हणाल्या, "तुमचा? बरं. ह्यो कुनाचा?" आधी जिभेवर येणारं नाव मुद्दाम मागं ठेवत मी एकेक नाव घेत गेलो. कुजबुज वाढायला लागली. मी वळलो नाही, नियम म्हणजे नियम. शेवटचं नाव सगुणाबाईंचं घेतलं आणि मागं फिरलो. माझ्या ढिगात पालक आणि दुधी, दोन्ही मऊसूत. चाचांच्या ढिगात टोमॅटो, आणि चाचांना मुतखडा. सगुणाबाईंच्या तोंडात एकही दात नाही, त्यांच्यापुढं गवार आणि मुळे. ती गवार शिरा काढलेली होती.

"आवो, आज नावं उलटी का घेतली?" सगुणाबाई वैतागून म्हणाल्या.

"उलटी?" मी म्हणालो. "चिठ्ठीला उलटी-सुलटी बाजू कधीपासून आली?"

चाचा स्वतःच्या पायांकडं बघायला लागले. कोर्टात साक्षीदार असे बघायला लागले की साहेब पेन उचलायचे.

"आता ते गेले," सगुणाबाई म्हणाल्या. "आता काय झाकायचं? तुमी दर ऐतवारी नावं एकाच रांगंनं घेता, कोर्टबाबा. जो आधी ऱ्हायला आला त्याचं आधी, मागून आला त्याचं मागून, आन तुमचं शेवटाला. एकदा बी चुकला न्हाईत."

मी तिथंच मनातल्या मनात नावं म्हणून बघितली. खरं होतं. कोर्टाच्या बोर्डावर जुनं प्रकरण आधी लागतं, नवं मागून. साऱ्या नोकरीत तोंडाला तेच वळण पडलेलं. मला वाटत होतं मी मनाला येईल तसं म्हणतोय. मी तुमच्या हातावर आरसा रोखून बसलो होतो, आणि लबाडी होती माझ्या तोंडात. तुम्हाला हात हलवायची गरजच नव्हती. तुम्ही ढीग माझ्या पुकाऱ्याच्या क्रमानं मांडायचात.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"आमाला सारं ठावं हुतं," चाचा म्हणाले. "लेकिन याकोबभाईनं शपथ घातली होती."

"मग ही सगळी नाटकं कशाला? ज्याला जे लागेल ते सरळ हातानं द्यायचं!"

"तसंच देत हुतो की," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "तुमी यायच्या आधी एकच पाटी असायची. ज्याला जे लागंल ते त्यानं उचलायचं. भांडन न्हाई, तंटा न्हाई. वाटे तुमच्यापायी सुरू झाले. शांताबाई गेल्या, तुमी वाळून काडी झाला. मानसानं दिलेलं तुमी घेईना. याकोबराव म्हनले, देवाच्या नावानं दिलं तर घेईल."

मी घरी आलो आणि दार लावून घेतलं.

याकोबराव, माझा राग आधी ऐकून घ्या. इतकी वर्षं मी भिंतीकडं तोंड करून ओरडत होतो आणि माझ्या पाठीशी अख्खी वसाहत तमाशा बघत होती. तुम्ही माझा पुकारा वापरलात. ज्या एका गोष्टीत मी कधी कुणाला सूट दिली नाही, तिच्यातूनच तुम्ही आत शिरलात. मी या रागाची माफी मागणार नाही, आणि तुम्हाला इतक्यात माफही करणार नाही. एकदा कट्ट्यावर बसून नीट सांगायला काय झालं होतं? मी ओरडलो असतो, आठवडाभर तुमच्याशी बोललो नसतो. घेतली असती की नसती भाजी, ते बघितलं असतं.

नसती घेतली. तेही मला ठाऊक आहे.

आणि त्या जुन्या वादाचं काय करायचं? इतक्या डोळ्यांदेखत, इतकी वर्षं, संशयी माणसाच्या नाकाखाली ज्याला काटा मारता येतो, त्यानं फॅक्टरीत मारला नसेल कशावरून? उलट आता माझा संशय पक्का झालाय. कुणाच्या बाजूनं मारलात ते सांगायला मात्र तुम्ही थांबला नाहीत. माझ्या आधीचा ढीग तुमचा असायचा. त्यात तुम्ही काय ठेवत होतात, ते मी कधी बघितलं नाही. मी वळेपर्यंत तुमच्या पिशवीचं तोंड बांधलेलं असे. आज सगुणाबाईंना विचारावं असं वाटलं आणि विचारलं नाही. पहिल्यांदाच मला एखाद्या गोष्टीची भीती वाटली. त्या काही म्हणाल्या असत्या, तर ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

मला तुमची आठवण येते हो. दार लावून बसलो आणि तुमच्यावर चिडायला लागलो, तर चिडता चिडता रडायलाच आलं. शांता गेली तेव्हा मी रडलो नव्हतो.

ऊन उतरल्यावर बाहेर आलो. ताडपत्री तशीच होती. कुणी वाटा उचलला नव्हता. ढीग होते तिथंच कोमेजत पडलेले, आणि सगुणाबाई पिंपाला टेकून बसलेल्या, पदरानं माश्या हाकत. चाचा टाकीच्या सावलीत. बाकीचेही आसपास घोटाळत होते. म्हणजे मी दार उघडतो की नाही याची सगळे वाट बघत बसले होते. मला बघून सगुणाबाई कमरेवर हात देत उठल्या आणि घाईघाईनं बाकीच्यांकडून ढीग पुन्हा लावून घ्यायला लागल्या.

"हुबं ऱ्हावा तिकडं तोंड करून," त्या म्हणाल्या. "आता नीट नावं घ्या."

मी भिंतीपर्यंत गेलो. तोंड फिरवलं. सगुणाबाईंनी विचारलं, ह्यो कुनाचा? पहिलं नाव जिभेवर होतं. ते घेतलं असतं तर तुमचा शब्दही राहिला असता, नावं तशीच घ्या म्हणाला होतात. मला माझ्या पाठीवर त्यांची नजर कळत होती.

मी वळलो. म्हणालो, "वाटे नकोत."

सगुणाबाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, झालं, हा आता परत पिठल्यावर जाणार. चाचा काही बोलायला पुढं आले, त्यांना मी हातानं थांबवलं. मला जे म्हणायचं होतं ते मला म्हणता येत नव्हतं. कधी म्हटलंच नव्हतं, तर येणार कुठून. मी नुसता ताडपत्रीपाशी जाऊन उभा राहिलो.

सगुणाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग खाली वाकल्या. वाकवत नाही त्यांना, तरी वाकल्या. शिरा काढलेली गवार ओंजळीत भरली, आणि माझ्यासमोर धरली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी."

'का' माझ्या ओठांवर आला होता. खोटं कशाला सांगू, येणारच. मी दोन्ही हात पुढं केले. गवार घेतली, आत किडकी शेंग आहे का तेही चाळून बघितलं, आणि घरी आणली. आत्ता ती चुलीवर शिजतेय.

झालं तुमच्या मनासारखं, याकोबराव.